ट्रॉली भरताना : वजन किती, आणि वजन कुठे?

आपल्या समाजातील व्यापारी आणि कारागीर यांचे ट्रॅक्टर-ट्रॉलीशी रोजचे नाते आहे. भंगाराचा व्यापारी खेड्यापाड्यांतून माल गोळा करतो तो ट्रॉलीतून. लाकडाच्या वखारीतून फर्निचरवाल्याकडे फळ्या येतात त्या ट्रॉलीतून. विटा, वाळू, सिमेंट, सळ्या, मंडपाचे बांबू आणि लोखंडी खांब, बाजाराच्या दिवशीची फळे-भाजी, कडबा या सर्वांना ट्रॉली लागते. ट्रॉली बांधणारे आणि तिची दुरुस्ती करणारे वेल्डरही आपल्यात पुष्कळ आहेत. असे असूनही ट्रॉली कशी भरावी, माल कसा बांधावा, ती रस्त्यावर कशी न्यावी, हे कोणी कोणाला बसून शिकवत नाही. हमालाने पाहून शिकायचे, चालकाने ठेच खाऊन शिकायचे, असा रिवाज पडला आहे. ही ठेच कधी कधी एखाद्या घरातील कर्त्या माणसाचा जीव घेऊन जाते. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

एक अनुभव

आमच्या एका स्नेह्याचे भंगाराचे गोदाम आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा माल त्यांनी उचलला होता. त्यात मोटारीचे दोन ओतीव सांगाडे होते. चौघांनी मिळून ते कसेबसे फाळक्यातून आत ढकलले. स्नेही म्हणाले, "थोडे पुढे घ्या रे." हमाल दमले होते. एकजण म्हणाला, "चाचा, पुढे सरकत नाही, राहू द्या मागेच. दोन कोस तर जायचे आहे." पुढच्या मोकळ्या जागेत पत्रे आणि डबे भरले. ट्रॉली डोळ्यांना भरलेली दिसू लागली. पत्र्यांवर एक तरुण हमाल बसला आणि ट्रॅक्टर निघाला.

सपाट रस्त्यावर काही जाणवले नाही. पुढे ओढा लागला. ओढ्याचा चढ चढताना ट्रॉलीची शेपटी खाली बसली, पुढची दांडी वर उचलली गेली आणि तिने ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलून धरला. मागची मोठी चाके जागच्या जागी फिरू लागली, पकड सुटली आणि सगळेच मागे घसरले. वर बसलेला मुलगा पत्र्यांसकट खाली आला. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. सहा महिने तो घरी बसून होता. विम्याच्या कंपनीने हात वर केले. दवाखान्याचा आणि त्याच्या घरचा खर्च आमच्या स्नेह्यांनी केला. तो त्यांनी केला नसता तर कोणी केला असता, हा प्रश्न आम्हाला आजही पडतो.

या अपघातात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या ट्रॉलीत वजन फार नव्हते. याहून दुप्पट माल तिने अनेकदा वाहिला होता. वजन चुकीच्या जागी होते.

वजनाची जागा

आपल्याकडील बहुतेक लहान ट्रॉल्यांना एकच अॅक्सल आणि दोन चाके असतात. अशी ट्रॉली म्हणजे तराजूची दांडी आहे आणि अॅक्सल हा तिचा काटा आहे. अॅक्सलच्या मागे टाकलेले वजन पुढची दांडी वर उचलते आणि पुढे टाकलेले वजन दांडी खाली दाबते. दांडी ट्रॅक्टरच्या हुकाला अडकवलेली असल्यामुळे हा हिशोब थेट ट्रॅक्टरच्या चाकांवर होतो.

एकूण वजनातील थोडा भाग हुकावर आलाच पाहिजे. त्यामुळे ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीला धरून राहतात. जाणते कारागीर ट्रॉली बांधतानाच अॅक्सल मध्यापासून थोडे मागे बसवतात ते यासाठीच. अशा ट्रॉलीत माल पुढच्या फळीपासून मागच्या फाळक्यापर्यंत सारख्या थराने भरला, तर तोल आपोआप बरोबर येतो. तोल बिघडतो तो जड आणि हलका माल एकत्र भरताना. म्हणून जड वस्तू आधी, तळाशी आणि अॅक्सलच्या किंचित पुढे ठेवावी. हलका माल नंतर, तिच्या मागे आणि वर ठेवावा.

"मग सगळेच वजन पुढे टाकू," असे कोणी म्हणेल. तेही घातक आहे. हुकावर गरजेपेक्षा जास्त भार आला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर पुढची चाके जमीन सोडतात आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. स्टिअरिंग एकाएकी हलके लागू लागले तर ती आराम वाटण्याची वेळ नव्हे. तिथेच थांबून माल मागे सरकवावा.

उजवी-डावी बाजूही पाहावी. एका बाजूला सळ्या आणि दुसऱ्या बाजूला रिकामी पिंपे असे भरले, तर जड बाजूचे पाटे दबतात आणि वळणावर ट्रॉली त्या बाजूला झुकते. भरून झाल्यावर दहा पावले मागे जाऊन ट्रॉलीकडे पाहावे. एक बाजू खाली दिसली तर माल पुन्हा लावावा.

माल उतरवतानाही हाच नियम लागू आहे. आधी पुढचा माल काढला आणि मागचा राहिला, तर दांडी वर उसळते. ट्रॉली हुकातून सोडलेली असेल तर ती तिथेच शेपटीवर बसते आणि मागे उभा असलेला माणूस चिरडतो. म्हणून माल शेपटीकडून उतरवत पुढे यावे आणि अर्धी भरलेली ट्रॉली हुकातून कधीही सोडू नये.

वजन डोळ्यांनी मोजू नये

आपण ट्रॉली भरली की नाही हे तिच्या फाळक्याच्या उंचीवरून ठरवतो. लाकडाच्या व्यापाऱ्याला ही सवय फारशी महाग पडत नाही. भंगाराच्या व्यापाऱ्याला पडते. वाळलेल्या सागवानाचे एक घनफूट साधारण १८ ते २० किलो भरते, तर भरीव लोखंडाचे एक घनफूट सुमारे २२० किलो भरते. म्हणजे अकरा पटींहून अधिक फरक झाला. भंगाराच्या तुकड्यांमध्ये पोकळी असते हे खरे. तरीही जाड ओतीव लोखंडाचा एक थर झाला की ट्रॉली डोळ्यांना रिकामी दिसत असतानाच तिचे वजन पूर्ण होऊ शकते.

काही हिशोब तोंडपाठ असावेत. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, तेव्हा २० पोती म्हणजे एक टन. साधी भाजलेली वीट सुमारे तीन किलोची असते, तेव्हा हजार विटा म्हणजे तीन टन, आणि भिजलेल्या असतील तर त्याहून जास्त. वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्याचे वजन साडेचार टनांच्या आसपास जाते. पाण्याची हजार लिटरची टाकी भरली की टाकीचे वजन सोडून एक टन होतो.

सळ्यांचा हिशोब सर्वांत सोपा आहे. सळीची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिला तिनेच गुणावे आणि १६२ ने भागावे. उत्तर येते ते एक मीटर सळीचे किलोमधील वजन. १२ मिलिमीटरच्या सळीला १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. १२ मीटरची एक सळी त्या हिशोबाने पावणेअकरा किलोच्या जवळ येते आणि शंभर सळ्यांना एक टनाहून थोडे जास्त होतात. इतका हिशोब बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका मिनिटात होतो. शंका असेल तर वजनकाट्यावर जावे. काट्याची पावती अपघातापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

बांधणी

जो माल हलू शकतो तो हलणारच, असे धरून बांधावे. ब्रेक लागतो तेव्हा ट्रॉली थांबते, पण माल थांबत नाही. सळ्या, पाइप आणि मंडपाचे खांब पुढे सरकले तर समोर चालकाची पाठ असते. म्हणून असा माल पुढच्या फळीला टेकवून ठेवावा, म्हणजे त्याला धाव घ्यायला जागाच उरत नाही. नंतर तो निदान दोन ठिकाणी आडवा बांधावा. लोखंडाला साखळी किंवा पट्टा वापरावा. काथ्याची दोरी लोखंडाच्या धारेवर घासून तुटते. नायलॉनचा दोर ताणतो आणि ढिला पडतो. दोर वापरायचाच असेल तर धारेखाली गोणपाटाची घडी द्यावी.

ट्रॉली निघाल्यावर थोडे अंतर जाऊन थांबावे आणि बांधणी पुन्हा ओढून पाहावी. पहिल्या काही खड्ड्यांत माल बसतो आणि दोर सैल होतो. ही एक सवय लागली तरी अर्धे अपघात घडायच्या आधीच टळतील, असे आम्हाला वाटते. पत्रे, प्लास्टिक आणि कागदाचा भंगार यांवर ताडपत्री टाकून ती चारही बाजूंनी बांधावी. ट्रॉलीतून उडालेला एक पत्रा मागच्या मोटारसायकलवाल्याचा गळा कापू शकतो.

ट्रॉलीबाहेर डोकावणाऱ्या सळ्यांना लाल फडके बांधले की काम झाले, ही समजूत आता सोडली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१४ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर माल बाजूला, पुढे किंवा मागे गाडीच्या बाहेर काढण्याची सवलत उरलेली नाही. लांब सळ्या दुमडून घ्याव्यात, कापून घ्याव्यात किंवा लांब गाडी करावी. रात्री अशा सळीत घुसलेल्या माणसाला फडक्याचा लाल रंग दिसलेला नसतो.

कडबा, कापूस, गाद्या आणि फर्निचर यांचे वजन कमी, पण उंची फार. उंच माल वळणावर ट्रॉली आडवी करतो आणि विजेच्या तारांना लागतो. वाटेत खाली लोंबणाऱ्या तारा कुठे आहेत हे निघण्यापूर्वीच चालकाला विचारून घ्यावे. बांबूने तार उचलून ट्रॉली खालून काढण्याचे धाडस कोणी करू नये.

जोडणी आणि ब्रेक

ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकला किंवा अॅक्सलच्या वर कोठेही साखळी अडकवून ओढू नये. ओढ जितकी उंचावरून, तितका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका जास्त. हुकाची पिन योग्य जाडीची असावी आणि तिच्या टोकाला अडकवणीची चिमटी असावी. पिनेऐवजी सळीचा तुकडा घालणारे चालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. तो तुकडा खड्ड्यात उसळून निघतो आणि सुटलेली ट्रॉली समोरच्या गर्दीत शिरते. पिनेबरोबर एक सुरक्षा साखळीही असावी. ट्रॅक्टर मागे घेऊन जोडणी करताना दांडी आणि ट्रॅक्टर यांच्या मध्ये कोणी उभे राहू नये. ट्रॅक्टर थांबून न्यूट्रल झाल्यावरच पिन घालावी.

ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडलेच पाहिजेत. ते जोडलेले नसतील आणि घाईत एकच दाबला गेला, तर एकच चाक अडते, ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलत जाते. आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळा भार ट्रॅक्टरने थांबवायचा असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला अंतर साधारण चौपट लागते. म्हणून भरल्या ट्रॉलीचा वेग रस्त्यावरून ठरवू नये, तो मागच्या वजनावरून ठरवावा. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतार उतरणे म्हणजे वजनाच्या हाती लगाम देणे होय.

रात्र, पंक्चर आणि दगड

अंधारात दिवे नसलेली उभी ट्रॉली ही रस्त्यावर बांधलेल्या भिंतीसारखी असते. मागचे लाल दिवे चालू असावेत. ते बिघडले तरी उपयोगी पडतील अशा लाल परावर्तक पट्ट्या फाळक्यावर रुंदीभर लावाव्यात. चिखल आणि धूळ पुसून त्या स्वच्छ ठेवाव्यात. लटकणारी ताडपत्री त्यांना झाकत नाही ना, हेही पाहावे.

पंक्चर झाले तर ट्रॉली शक्य तितकी रस्त्याच्या खाली घ्यावी, मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. आपल्याकडे ठोकळ्याऐवजी दगड लावतात, आणि काम झाल्यावर ते दगड रस्त्यावर तसेच सोडून निघून जातात. ती ट्रॉली सुखरूप घरी पोहोचते, पण मागाहून येणारा दुचाकीवाला त्या दगडावर आदळतो. त्याला दगड ठेवणाऱ्याचे नावही कळत नाही. ही आपली जबाबदारी नाही असे कोणता प्रामाणिक माणूस म्हणू शकेल?

वेल्डर बंधूंसाठी

हायड्रॉलिक ट्रॉली उचलून तिच्याखाली दुरुस्ती करताना केवळ जॅकवर विश्वास ठेवू नये. पाइप फुटला किंवा कोणी चुकून दांडा ओढला, तर वरचे धूड क्षणात खाली येते. आधी भक्कम लोखंडी टेकू लावावा आणि मगच खाली जावे. भरलेली ट्रॉली सपाट, कठीण जमिनीवरच उचलावी. एका बाजूला उतार असेल तर उचललेली ट्रॉली आडवी पडते. दांडीला तडा गेलेला दिसला, तर गिऱ्हाईक घाई करते म्हणून वरवर टाका मारून देऊ नये. तुमचा तो टाका रस्त्यावर दुसऱ्याच्या भरवशावर चालत असतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हेही वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी कायद्यात २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद आहे. गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालासाठीही २०,००० रुपये सांगितले आहेत. आमच्या व्यापारी वाचकांनी एक शब्द नीट वाचावा. जादा वजन नेणाऱ्या चालकाबरोबरच ते न्यायला लावणारा किंवा नेऊ देणारा यालाही कायदा दोषी धरतो. "भाडे ठरवून दिले, पुढचे चालक जाणे," हा बचाव नव्हे.

विम्याची बाब याहून गंभीर आहे. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात ठरवले. २००७ साली ब्रिजमोहन प्रकरणात वीटभट्टीकडे माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून पडलेल्या मजुराचा प्रश्न न्यायालयापुढे आला. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता होता. कंपनी बांधील नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजूर गरीब असल्याने कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. म्हणजे भार शेवटी मालकावरच आला. आपण भाड्याने घेतो त्या ट्रॅक्टरचा विमा शेतीचा आहे की व्यापारी मालवाहतुकीचा, ट्रॉलीचा उल्लेख त्यात आहे की नाही, हमालांसाठी हप्ता भरला आहे की नाही, हे भाडे ठरवण्याआधी विचारून घ्यावे.

शेवटी हमालाविषयी. मालावर बसून जाणारा माणूस हा मालाचा भाग नाही. त्याच्या घरी कोणी तरी वाट पाहत असते. त्याला बसने किंवा रिक्षाने पाठवायला जो खर्च येतो तो वाहतुकीच्या खर्चात धरावा. आमच्या त्या स्नेह्यांनी अपघातानंतर हा नियम केला आणि आजतागायत पाळला आहे. व्यवसाय त्यामुळे बुडाला नाही.

खालील मजकूर कापून गोदामाच्या भिंतीवर लावावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

ट्रॉली निघण्यापूर्वी

१) वजनाचा हिशोब केला आहे. शंका असल्यास काटा केला आहे.
२) जड माल तळाशी आणि अॅक्सलच्या किंचित पुढे आहे. दोन्ही बाजू समान आहेत.
३) माल पुढच्या फळीला टेकलेला आणि दोन ठिकाणी बांधलेला आहे.
४) फाळक्याबाहेर काही डोकावत नाही.
५) पिन, चिमटी आणि सुरक्षा साखळी जागेवर आहे.
६) टायरमधील हवा आणि चाकांचे नट पाहिले आहेत.
७) दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले आहेत.
८) मागचे दिवे आणि लाल पट्ट्या स्वच्छ आहेत.
९) लाकडी ठोकळे आणि परावर्तक त्रिकोण बरोबर आहे.
१०) मालावर कोणीही बसलेले नाही.